निजलेलं हाड

आमच्या सासूबाईंच्या घरात काही तुटायचं नाही, फुटायचं नाही की विझायचं नाही. सगळं ‘वाढायचं’. बांगडी फुटली की बांगडी वाढली, हे तर घरोघरी म्हणतात. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. पण म्हातारीचं तेवढ्यावर भागत नसे. कपाचा कान वाढायचा, चपलेचा अंगठा वाढायचा, खाटेची दोरी वाढायची. लग्न होऊन मी लालबागच्या त्या एका खोलीत आले आणि पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून पाण्याचा माठ फुटला. मी आपली ‘माठ फुटला’ म्हणून मोकळी झाले. त्या तासभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "असा बोला नये गो. घरात कुंकू आसा. फुटलो म्हणू नये, वाढलो म्हणूचा."

माझं माहेर गिरगावातलं आणि जीभ पहिल्यापासून तिखट. माझ्या तोंडात उठताबसता ‘मेलं’. मेली बस आली नाही, मेलं दूध नासलं, मेला पंखा फिरत नाही. सासूबाई कपाळाला आठ्या घालायच्या, पण तेवढं त्यांनी चालवून घेतलं, कारण त्यात कुणी मरण ऐकत नाही, ती बायकांची बोलायची तऱ्हा. आता माझी सत्तरी आली. जे सांगायला बसले आहे ते या दोन शब्दांमुळेच घडलं, आणि आणखी एका शब्दामुळे, जो मी स्वतः शोधून काढला.

नवऱ्याचं नाव मी कधी घेतलं नाही, आता ते नसताना काय घेणार. आमचे हे गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे मागावर. नऊ वर्षं बदलीवाले. बदलीवाला म्हणजे रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, कुणी कामावर आला नसेल तर त्याच्या जागेवर आत जायचं, नाहीतर तोंड घेऊन घरी परत. गिरण्यांच्या मोठ्या संपाच्या आदल्या वर्षी ते कायम झाले. त्या दिवशी घरी आले आणि चपला न काढताच खाटेवर बसले, म्हणाले, "आता उद्यापासून गेटवर उभं राहायला नको." एवढंच. पण पाच मिनिटांनी पुन्हा तेच म्हणाले.

पायाचं दुखणं संपाआधीच सुरू झालं होतं. उजव्या गुडघ्याच्या खाली, आतल्या अंगाला. आठ-आठ तास मागांच्या मधे उभं राहायचं, कुणाचा पाय दुखत नाही? आमच्या चाळीत सगळ्या साचेवाल्यांचे पाय दुखायचे. निरगुडीचा पाला बांधला, मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकलं. मग संप झाला आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, पायाला विसावा मिळेल. पण सभा आणि मोर्चे चुकवणारा माणूस नव्हता तो. होळीच्या सुमाराला तिथे सुपारीएवढा उंचवटा आला, पाडवा होऊन गेल्यावर तो लिंबाएवढा झाला. मी एकदा हात लावून म्हणाले, "मेली गाठ वाढलीय." सासूबाई लगबगीनं उठल्या, कापूस शोधायला लागल्या. त्यांना वाटलं, गाठ फुटली. तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो.

संप पंधरा दिवसांत मिटणार, असं पहिले चार महिने सगळे म्हणत होते. मी तोवर थांबले नाही. आमच्या दारावर मासळी घेऊन येणारी कोळीणबाई होती, तिच्या मागे लागून ससून डॉकला कोलंबी सोलायच्या शेडमधे कामाला लागले. सकाळी उजाडायच्या आत पहिली बस. समोर बर्फात घातलेल्या कोलंबीचा ढीग, आणि आम्ही बायका ओळीनं उकिडव्या बसलेल्या. डोकं मोडायचं, साल काढायची, टाकायची. अर्ध्या तासात बोटं पांढरी व्हायची, आणि मग ती आपली वाटायचीच नाहीत. साल टोचून रक्त आलं तरी कळायचं नाही, घरी येऊन हात गरम झाले की सगळं एकदम दुखायचं. त्यामुळे थंडी काय करते आणि काय करत नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती, असं मला वाटायचं.

चालताना हे भिंतीला हात लावायला लागले तेव्हा मी हट्टानं परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. फोटो काढले. एक्स-रेला आम्ही फोटोच म्हणायचो. हाडांचे डॉक्टर वयानं माझ्याच बरोबरीचे, बोलणं पुण्याकडचं, एकेक शब्द सुटा. त्यांनी फोटो उजेडात धरून दाखवला. गुडघ्याखालच्या हाडात एक काळी पोकळी होती, आणि बाहेरचं कवच कागदासारखं राहिलं होतं. म्हणाले, "ही गाठ तशी जिवावर उठणारी नाही. पण ही हाड आतून खाते. खरवडून काढली आणि एवढासा कण मागे राहिला, की पुन्हा येते."

"मग?" ह्यांनी विचारलं.

"एक म्हणजे पाय काढायचा. दुसरं, गाठ खरवडायची आणि मग त्या पोकळीत अतिशय थंड असा द्रव ओतायचा. नायट्रोजन वायू असतो ना हवेतला, तो गार करून करून त्याचं पाणी केलेलं असतं. त्यानं उरलेले कण मरतात. आपल्याकडे हे अजून फार ठिकाणी करत नाहीत. मी शिकून आलोय."

"पाय काढायचा नाही," हे म्हणाले. "संप मिटला की मला मागावर उभं राहायचंय. नऊ वर्षं बदलीत काढली मी. एका पायाच्या माणसाला गिरणी आत घेत नाही."

त्या दिवसापासून घरात हीच एक गोष्ट होती. संप मिटेल तेव्हा ह्यांना दोन पायांवर गेटातून आत जायचं होतं. बाकी सगळं त्याच्या खाली.

मला मात्र त्या थंडीचं पटेना. हे मला डोळ्यांनी गप्प बस म्हणत होते तरी मी बोललेच. "डॉक्टर, मी रोज बर्फात हात घालून बसते. बर्फात घातलेली वस्तू मरत नाही, टिकते. तुम्ही काय गाठ ताजी ठेवणार आहात?"

डॉक्टर हसले नाहीत. उलट खुर्ची पुढे ओढली. "काय काम करता?" मी सांगितलं. "मग मला सांगा, गोठवलेली कोलंबी वितळली आणि पुन्हा गोठवली, तर काय होतं?"

"पाणी सोडते. बिलबिलीत होते, हातात धरवत नाही. मुकादम फेकून देतो."

"का होतं तसं?"

ते मला काय ठाऊक. मग त्यांनी सांगितलं की मांस काय नि हाड काय, ते पाण्यानं भरलेल्या बारीक बारीक पिशव्यांचं असतं. पाणी गोठलं की फुगतं, पिशव्या फाटतात. एकदा गोठवून काही पिशव्या वाचतात. म्हणून गोठवायचं, आपोआप वितळू द्यायचं, पुन्हा गोठवायचं. "तीनदा," म्हणाले. "तुमचा मुकादम जे फेकून देतो, ते मला हवंय." मला त्या माणसावर विश्वास बसला. खोटं कशाला बोलू, आजही आहे. त्यांनी त्यांचं काम चोख केलं.

श्रावणात ऑपरेशन झालं. कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर केला होता, त्यामुळे हे जागे होते. नंतर कितीतरी दिवस तेच सांगायचे. मधे हिरवा पडदा, पलीकडे गाठ खरवडल्याचा आवाज, आपण खोबरं खरवडतो तसा. मग दुधाच्या किटलीसारखं भांडं आणलं, हाडाच्या खळग्यात नरसाळं बसवलं, बाजूच्या कातडीवर कोमट पाण्याचे बोळे ठेवले. आणि ओतल्याबरोबर पडद्याच्या खालून पांढरा धूर आला. वर जाणारा नाही, खाली उतरणारा. फरशीवरून सरकत भिंतीपर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, आता थांबा, आणि सगळेजण हात वर धरून गप्प उभे राहिले. असं तीनदा. हे म्हणायचे, "साचेखात्यात लाइट गेली की सगळे माग एकदम गप्प होतात, तसं झालं होतं बघ. पण दुखलं नाही." मग कमरेच्या हाडाचे तुकडे काढून त्या पोकळीत भरले. हे त्याला बदली हाड म्हणायचे. "नऊ वर्षांत तेही कायम होईल," म्हणायचे. आजारपणात माणसाला अशी थट्टा सुचते, आणि घरच्यांना ती आवडतेसुद्धा.

गाठीवरची कातडी तीन बोटं काळी पडली, ती सुटून भरायला दसरा उजाडला. घरी आणल्यावर प्लास्टरमधे ठेवलेल्या खिडकीतून मी रोज कामावरून येऊन पट्टी बदलायचे. त्याआधी, घरी सोडायच्या दिवशी, डॉक्टरांनी मला एकटीला खोलीत बोलावलं. हे बाहेर बाकावर कुबड्या धरून बसले होते.

"तुमचे मिस्टर ऐकणारे दिसत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "रोज विचारतात, संप मिटला तर किती दिवसांनी उभा राहू. मी नको म्हणतो, ते मान हलवतात. म्हणून तुम्हाला नीट सांगतो. आम्ही गाठीबरोबर बाजूचं बोटभर चांगलं हाडही मारलंय. ते मेलंय. दिसायला हाडच दिसतं, फोटोत पण दिसतं, पण त्यात जीव नाही. जुन्या भिंतीसारखं नुसतं उभं आहे. कडेनं हळूहळू नवं हाड वाढेल, ते आतपर्यंत पोचायला वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल. तोवर त्या पायावर अंगाचा भार टाकला, तर ते तुटेल. आणि एकदा तुटलं तर मेलेलं हाड सांधत नाही. समजलं?"

"समजलं."

"मग त्यांना असंच सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील."

मी हो म्हणाले.

संध्याकाळी घरी आलो. चाळीतली माणसं भेटून गेली. सासूबाईंनी देवापुढे दिवा लावला होता, मी ताटं घेतली. हे पाय पसरून खाटेवर, पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. मी भात वाढत होते आणि मनात वाक्य जुळवत होते. हाड मेलंय. एवढंच तर म्हणायचं होतं. दिवसातून शंभर वेळा मेलं म्हणणारी मी, बसला आणि दुधाला आणि पंख्याला. पण नवरा समोर जेवायला बसलेला, दिवा लागलेला, सासू बाजूला, आणि त्याच्या अंगातलं काही मेलंय असं मला म्हणता येईना. तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं.

"काय म्हणाला डॉक्टर?" ह्यांनी विचारलं.

"म्हणाले," मी म्हटलं, "हाड निजलंय. वर्ष-दीड वर्ष पाय टेकायचा नाही."

"निजलंय," हे म्हणाले, आणि हसले. सासूबाई म्हणाल्या, "निजूदे हा. दमला आसतला." मला हलकं वाटलं. निजलंय हा शब्द किती चांगला सापडला, असं वाटून मी स्वतःवर खूश झाले. ते मी विसरलेले नाही.

मग वर्ष फिरलं. संप मिटला नाही. मिटला असं कुणी म्हटलंही नाही, तो नुसता झिजत गेला. चाळीतल्या निम्म्या खोल्यांना कुलपं, माणसं गावाला. मग गिरण्यांची गेटं उघडायला लागली. ज्यांना कामावर यायचंय त्यांनी येऊन सही करावी, म्हणायचे. जे गेले त्यांना चाळीत फितूर म्हणत, त्यांच्या दारासमोर थुंकत. हे त्या विषयावर काही बोलायचे नाहीत. प्लास्टर निघालं होतं, कुबड्या होत्या. दुपारी मी यायचे तेव्हा खाटेवर बसून उजव्या पायाची बोटं हलवत असायचे, टाच जमिनीवर हळूहळू आपटत असायचे, पोटरी चोळत असायचे.

"काय चाललंय?" मी एकदा विचारलं.

"उठवतोय त्याला. लई निजला."

मी हसले. मेली माझी अक्कल, मी हसले आणि कोलंबीच्या वासाचे हात धुवायला गेले.

मृगात एके दिवशी पहाटे मी निघताना हे म्हणाले, "आज फोटो काढायला जातो परळला. शेजारचा येतोय सोबत." तारीख जवळ आलीच होती. मी म्हटलं, टॅक्सीनं जा, सांभाळून जा. बसमधे आणि मग शेडमधेही मी देवाला एकच सांगत होते, की फोटोत नवं हाड वाढलेलं दिसू दे. डॉक्टर गेल्या वेळी म्हणाले होते, कडेनं वाढायला लागलंय.

दहा-साडेदहाला शेडचा मुकादम हातात वही घेऊन आमच्या ओळीपाशी आला. त्याच्या टेबलावर फोन होता, तो कुणाला लावू देत नसे की बोलावत नसे. म्हणाला, "ए गिरगाववाली, तुझ्या सासूचा फोन होता. केवढ्यानं ओरडते म्हातारी. नवऱ्याचं हाड वाढलं म्हणाली. घरी ये म्हणाली. पेढे आण उद्या."

ओळीतल्या बायका सगळ्या ओरडल्या. दहा महिने त्यांनी माझ्या तोंडून त्या हाडाचंच ऐकलं होतं. कोळीणबाईनं माझ्या पाठीत धपाटा घातला, म्हणाली, जा आता, वाकडं चालणारं माणूस सरळ चालायला लागलं. मुकादमानं मूठभर मोठी कोलंबी पिशवीत टाकली, वर बर्फाचा खडा. मी पदरानं डोळे पुसले. इतकी मी त्यानंतर कधी आनंदात नव्हते, हे आज स्पष्ट लिहिते.

तिथेच मला कळायला हवं होतं. जी बाई कधी वाण्याच्या दुकानाची पायरी फोनसाठी चढली नाही, ती चांगली बातमी सांगायला चढेल? चांगली बातमी घरी बसून मिळते. धावत जाऊन सांगतात ती दुसरीच असते. पण माणसाला जे हवं ते ऐकू येतं. आणि ‘हाड वाढेल’ हे शब्द मी डॉक्टरांकडून घेतले होते, म्हातारीकडून नाही.

लालबागला उतरल्यावर मी सरळ घरीसुद्धा गेले नाही. कोपऱ्यावर मारुतीचं देऊळ आहे, तिथे रांग होती, शनिवार होता. रांगेत उभी राहिले. नारळ घेतला, पुजाऱ्यानं दगडावर वाढवला, अर्धी वाटी परत दिली. पिशवीतला बर्फ वितळून माझ्या पायांवर पाणी ठिबकत होतं. सगळं मिळून तास सव्वातास गेला असेल.

सासूबाई दारात बसल्या होत्या. खोलीत कुबड्या भिंतीला उभ्या होत्या. दोन्ही.

"आये, वाढलं ना हाड? फोटो बघितला?" मी नारळ पुढे केला. "हे कुठे आहेत?"

त्या माझ्याकडे, पिशवीकडे, नारळाकडे बघत राहिल्या. "खंय होतंस गो इतको वेळ?" म्हणाल्या. मग त्यांना माझ्या तोंडावरून उमगलं असावं. त्यांनी माझं मनगट धरलं आणि उभ्या जन्मात न उच्चारलेला शब्द उच्चारला. "तुटला गो. हाड तुटला."

फोटो वगैरे काही नव्हतं, सोबतीला शेजारीही नव्हता. हे सही करायला गिरणीवर गेले होते. फुलपॅण्ट घातली, गुडघ्याला जुन्या लुगड्याची पट्टी आवळून बांधली, आणि कुबड्यांऐवजी छत्री घेतली. पावसाचे दिवस, छत्री कुणाच्याही हातात असते. लंगडा माणूस दिसला तर गेटवरूनच परत पाठवतील. ती छत्री पेटीतून काढून सासूबाईंनी दिली होती. तासभर ते रांगेत उभे होते, दोन्ही पायांवर. मोठं गेट बंद आणि त्यातलं लहान दार उघडं, त्याची लोखंडी चौकट खाली वीतभर उंच. ती ओलांडायला त्यांनी डावा पाय उचलला. अंगाचा सगळा भार त्या घटकेला उजव्यावर आला. बाहेर उभे राहून जे त्यांना फितूर म्हणून शिव्या देत होते, त्यांनीच उचललं आणि टॅक्सी थांबवली. आत काय नि बाहेर काय, सगळ्यांनी आवाज ऐकला होता.

मी इस्पितळात पोचले तेव्हा त्यांना आत नेलं होतं. हाड कातडी फोडून बाहेर आलं होतं, जिथली कातडी काळी पडून भरली होती तिथूनच. डॉक्टर माझी वाट बघत होते. म्हणाले, "उशीर केलात." मग म्हणाले, "तुम्ही त्यांना सांगितलं होतं ना, मी म्हणालो तसं?"

"हो," मी म्हणाले. "सगळं सांगितलं होतं."

पाय वाचवायला त्यांनी दोन महिने धडपड केली. पू झाला, ताप चढला, उतरला, चढला. शेवटी गणपतीच्या आधी मांडीतून पाय काढला. गाठ परत आली नाही, कधीच आली नाही. थंडीनं तिचं काम पुरतं केलं होतं.

त्यानंतर अकरा वर्षं मी सासूबाईंशी सरळ बोलले नाही. चाळीला ठाऊक होतं. जेवायला घालायचे, दुखलंखुपलं बघायचे, पण शब्द असा, की भांडं आपटल्यासारखा. तुम्ही छत्री दिलीत. तुम्ही तुटलं म्हणाला असतात तर मी नारळ फोडत बसले असते का. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे, एकदा नाही. त्या दिवसापासून त्यांनी वाढलं म्हणायचं सोडून दिलं. कप फुटला की फुटला म्हणायच्या, हळू, माझ्याकडे बघून.

हे लाकडी पायावर चालायला शिकले. हिंदमाताला कापडाच्या दुकानात एकानं बसायला स्टूल दिलं. कापडावरून अंगठा फिरवून कुठल्या गिरणीचं आहे ते सांगायचे, आणि मग त्या गिरण्याच राहिल्या नाहीत. कुणाला दोष दिला नाही. आईला नाही, मला नाही, संपाला नाही. मला त्याचाही राग यायचा.

सासूबाई गेल्या. तेराव्याची माणसं जेवून गेली, आम्ही दोघंच मागे राहिलो. मी ह्यांचं ताट घेतलं आणि उगाच, सवयीनं म्हणाले, "त्या दिवशी आयेनं छत्री दिली नसती, तर आज तुम्ही दोन पायांवर असता."

"छत्री मी मागितली," हे म्हणाले. "आई देत नव्हती. म्हणाली, डॉक्टरनं नको सांगितलंय ना? मी तिला समजावलं. म्हटलं, अगो, हाड निजलंय नुसतं, आतून चांगलं आहे. चाललो की जागं होईल. किती दिवस निजू द्यायचं? तेव्हा दिली तिनं." पाण्याचा तांब्या त्यांनी जरा बाजूला सरकवला. "तूच म्हणाली होतीस ना, निजलंय."

माझ्या हातात भाताचा डाव होता. तो मी पातेल्यात परत ठेवला. मग मी म्हणाले, "डॉक्टर मेलंय म्हणाले होते. मेलेलं हाड आहे, तुटेल, सांधणार नाही, असं म्हणाले होते. मला म्हणवलं नाही."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ओरडतील असं मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तू पण आईसारखीच की गो," ते म्हणाले. आणि ताट पुढे करून म्हणाले, "वाढ."

मी भात वाढला.